अडीच फुटांची लाईन

बार्शी लाईट रेल्वेतून फिरलेला माणूस भेटला, की एक गोष्ट तो सांगणारच. गाडी इतकी सावकाश जायची म्हणे, की पोरं पुढच्या डब्यातून उतरून शेतातला हरभरा उपटायची आणि मागच्या डब्यात चढायची. लातूरकर ही गोष्ट हरंगुळच्या शिवारात घडवतो, मिरजेकडचा माणूस सांगोल्याच्या. सपाटीवरची मला ती खरी वाटत नाही; तिथं गाडी चांगली पळायची. रामलिंगच्या चढाला मात्र सीताफळं तोडून निवांत परत चढलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात पोरांपेक्षा बाप्ये जास्त होते.

ती लाईन आता नाही. लातूर ते कुर्डुवाडी आणि पुढं पंढरपूर, मिरज, अशी सव्वातीनशे किलोमीटरची अडीच फुटी लाईन होती. 2000 नंतरच्या दहा-अकरा वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. बऱ्याच ठिकाणी नवे रूळ जुन्या जागेवरच पडले. पण काही ठिकाणी ब्रॉडगेजनं आपली वेगळी वाट धरली आणि जुनीला तसंच टाकून दिलं. बार्शीकडून येडशीकडे निघालं, की या टाकलेल्या लाईनीचे तुकडे भेटू लागतात.

आधी दिसतो तो भराव. दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून कमरेइतक्या उंचीची मातीची पट्टी. नवखा माणूस तिला बांध म्हणेल. पण बांध इतका एकसारखा वळत नाही. खडी केव्हाच लोकांनी उचलली. पांगरीच्या बाजूला द्राक्षबागा आल्या, तेव्हा भरावाचाही उपयोग झाला: ठिबकच्या पाइपलाइनी त्याच्या कडेनं गेल्या आहेत, वरून ट्रॅक्टर जातात. एका मोरीखाली उतरून मी नीट पाहिलं. काळा घडीव दगड, दरजा अजून भरलेल्या, वरची शिळा एका बाजूला जराशी खचलेली. तोंड इतकं लहान की शेळी जाईल, म्हैस अडकेल. आत कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. शेजारचा शेतकरी म्हणाला, “पाऊस कितीबी होऊ द्या, ह्या मोरीतनं पाणी कधी तुंबलं न्हाई. आमच्या आताच्या पुलाचं बघा की.” वर्षाच्या आत उखडलेल्या त्या पुलाबद्दल त्यानं आणखी जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही.

मोरी एवढीशी का, याचं उत्तर या लाईनीच्या जन्मात आहे. मुंबई-मद्रास मार्ग बार्शीला वीसेक मैल बाजूला टाकून गेला. बार्शी म्हणजे कापसाची, धान्याची मोठी पेठ; तिथला माल बैलगाड्यांनी स्टेशनावर न्यावा लागे. त्या स्टेशनाचं नावच ‘बार्शी रोड’ होतं, तेच आजचं कुर्डुवाडी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला आलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं इथं स्वस्तातली रेल्वे बांधायचं मनावर घेतलं. त्याचं गणित सरळ होतं. इंजिन असो, मालडबा असो वा प्रवासी डबा, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल लहान चालतात. अडीच फुटांची गाडी कोपऱ्यावर सहज वळते, त्यामुळं टेकडी फोडायच्या ऐवजी तिला वळसा घालायचा. 1897 च्या मार्चमध्ये बार्शीला गाडी आली. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला निजामाच्या मुलखात लातूरला आणि 1927 ला मिरजेला. कंपनी लंडनची, सरकारनं ती 1 जानेवारी 1954 ला ताब्यात घेतली. हाच कॅल्थ्रॉप पुढं विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटच्या मागं लागला. वजन कमी कसं करावं, हा त्याच्या डोक्यातला किडा असावा.

वळसा घालायच्या त्या गणितामुळं ही लाईन भुईच्या मापानं बेतलेली होती. ब्रॉडगेज सरळ जाते. आडवं येईल ते कापते, खोलगट असेल ते भरते. रामलिंगच्या जंगलात हे सगळ्यात चांगलं कळतं. तिथं जुनी लाईन बालाघाटच्या उतारांशी वाद घालत नाही, कडेकडेनं वर चढते. झाडी आता तिच्यात घुसली आहे, पुलांचे दगड शेवाळले आहेत आणि माकडांनी सगळ्याचा रीतसर ताबा घेतला आहे. आमच्या वेळीही माकडं होती, पण ती गाडीची वाट बघत बसायची. श्रावणी सोमवारी रामलिंगाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी डबे असे भरायचे, की खिडकीतून आत आलेलं माकड बाहेर जायला जागा शोधायचं. चढावर इंजिन धापा टाकू लागलं, की कोळशाची कण्या-कण्यांची राख आत यायची. आई पदराचं टोक ओलं करून आमचे डोळे पुसायची आणि “खिडकीला बसू नको म्हटलं होतं” हे वाक्य येडशीपर्यंत पुरवायची.

त्या काळाला मी सोन्याचा म्हणणार नाही. लातूरहून निघालेल्याचा निम्मा दिवस कुर्डुवाडी गाठण्यात जायचा. तिथं ट्रंक, वळकटी, आंब्याची पाटी असं सगळं उचलून मोठ्या गाडीच्या फलाटावर पळायचं. मोठी गाडी थांबून राहील याची खात्री कुणी देत नसे. माणसांचं हे, तर मालाचं विचारूच नका. कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं छोट्या डब्यातून मोठ्या डब्यात हमालाच्या पाठीवरून जायचं. बार्शी लाईट मेली ती या पाठीवर. ट्रक अडत्याच्या दारात लागू लागले, एसटी गावोगाव पोचली, तेव्हा पोतं दोनदा उचलायला कोण तयार होणार? आषाढीला मात्र तिच्याशिवाय भागत नव्हतं. डबे कमी पडले की मालडबे जोडायचे, तेही भरले की वारकरी टपावर. टाळ वर, मृदंग खाली, आणि दोन्हींचा ताल गाडीच्या धक्क्यावर.

आज लातूरचा माणूस रात्री जेवून गाडीत झोपतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. धाराशिवला छोटी लाईन कधी गेलीच नव्हती. येडशीला उतरून पुढं मोटारीनं जावं लागे. 2008 पर्यंत ब्रॉडगेज लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी अशी जोडली गेली आणि जिल्ह्याच्या गावाला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. हे उपकार लहान नाहीत. एप्रिल 2016 मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. मिरज ते लातूर, म्हणजे नेमका बार्शी लाईटचाच पल्ला, फक्त साडेपाच फुटी रुळांवरून. पाच टनांच्या आसावर ते पाणी हललं नसतं. रूळ बदलू नका म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो, पण त्या आठवड्यात तोंड उघडायला जागा नव्हती.

तरी एक गोष्ट गेली, ती सोयीच्या हिशेबात बसत नाही. छोटी गाडी गावाच्या उंबऱ्याशी थांबायची. डोक्यावर बोचकं आणि काखेत पोर घेऊन बाई शेतातून पळत येताना दिसली, की गार्ड हिरवा झेंडा खाली धरायचा. लोक याला माणुसकी म्हणतात. ती होतीच, पण मागून दुसरी गाडी यायची नव्हती, हेही तितकंच खरं. आताच्या गार्डचं मन कोतं झालेलं नाही. त्याच्या मागं एक्सप्रेस आहे.

लातुरात जुन्या लाईनीचं काहीच दिसत नाही, भर बाजारात ती बुजून गेली. पण पत्त्यात आहे: ‘जुनी रेल्वे लाईन’ म्हटलं की रिक्षावाला दुसरं काही विचारत नाही. जन्मात रूळ न पाहिलेली पोरं तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. कॅल्थ्रॉपनं याच बेताची एक लाईन इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये बांधली होती, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंद पडली, आणि तीन वर्षांत तिच्या जागी चालण्याची वाट झाली. लोक आजही तिच्यावरून फिरतात. रामलिंगच्या तुकड्याचं तसं करायला फार पैसा लागणार नाही. पूल उभे आहेत, सावली आहे, श्रावणात गर्दी आयतीच असते. माकडांची समजूत घालावी लागेल एवढंच.

कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र छोट्या गाड्यांना विसरलेला नाही. तिथल्या कारागिरांच्या हाताखालून नेरळ-माथेरानचे डबे जातात. ती लाईन दोन फुटांची, म्हणजे आमच्या गाडीहूनही अर्धा फूट बारीक, आणि तिच्यात बसायला मुंबईहून लोक हौसेनं तिकीट काढून येतात.