मिटणारा डोळा

"निजली तरी हिचा डोला मिटं नाय, बाय."

मोखाड्याकडच्या एका पाड्यावरची आजी सहा वर्षांच्या नातीला पुढे करत म्हणाली. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात त्या दिवशी मी तपासलेली ती शेवटची मुलगी. अर्धा चेहरा आजीच्या पदरात लपवून उभी होती. मोखाड्याच्या थंडीत पाड्यापाड्यांवर शेकोट्या पेटतात. दोन महिन्यांपूर्वी ती अशाच एका शेकोटीत पडली होती. भाजलेलं भरून आलं होतं, पण भरताना कातडी आकसली आणि तिने वरची पापणी भुवईपर्यंत ओढून धरली होती. एवढे दिवस डोळा उघडा राहूनही बुबुळ स्वच्छ कसं, हे मला कळेना. रात्री डोळ्यात काय घालता, असं विचारलं. आजी म्हणाली, रोज निजताना ओला फडका ठेवते, सुकला की पुन्हा भिजवते. त्या फडक्याने पोरीची नजर वाचवली होती. मी आजीला तिथेच तसं सांगितलं.

डोळ्यांची डॉक्टर म्हटलं की लोकांना मोतीबिंदू आठवतो. माझं काम डोळ्याच्या भोवतालचं: पापण्या, अश्रूंचा मार्ग, खोबण आणि त्याला लागून असलेला चेहरा. जन्मापासून खाली आलेली पापणी उचलायची, लासूर झाल्यावर अश्रूंना नाकात नवी वाट करून द्यायची, बैलाच्या शिंगाने फाटलेली पापणी कडेला कड जुळवून शिवायची. २०२१ मध्ये कोविडमागोमाग काळी बुरशी आली, तेव्हा जीव वाचवण्यासाठी खोबणीतलं सगळं काढून टाकावं लागलेली माणसंही आमच्याकडेच होती. त्यातल्या काहींचे चेहरे मला अजून झोपेत दिसतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पापणीची उघडझाप. पापणीची कातडी अंगावरची सर्वांत पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. डोळा उघडा असताना त्याला प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. तो थर दर मिटण्यासरशी नव्याने पसरतो. मिटणं थांबलं की पडदा सुकतो, त्यावर जखम होते आणि जखम भरली तरी पांढरा डाग उरतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. एवढं देखणं नाव त्या डागाला कुणी दिलं असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

भाजल्याचा व्रण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावं, असं आम्हाला शिकवतात. पण बुबुळ उघडं पडत असेल तर थांबायचं नसतं. पोरीला नाशिकला आणलं. व्रण अलगद सोडवत गेलं की आकसलेली पापणी आपल्या जागी खाली उतरते आणि मग उणीव खरी किती होती ते दिसतं. नखाएवढा वाटलेला व्रण दोन बोटं रुंद जागा उघडी टाकतो. त्या जागेचं माप घ्यायला मी टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी कापते. पन्नी जखमेवर दाबायची, कडा उमटल्या की त्याबरहुकूम कातरायची, कानामागे ठेवून शाईने आखायची आणि आखल्याहून थोडी मोठी कातडी काढायची, कारण लावलेली कातडी पुढे आकसतेच. ती बसवून झाली की दोन्ही पापण्या तात्पुरत्या एकमेकींना शिवून टाकायच्या. पाच दिवस पट्टी उघडून बघायची नाही. हे पाच दिवस मला अजूनही जड जातात.

पन्नी कापताना मला नेहमी पुण्याजवळचा एक माणूस आठवतो. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे एका वैद्याने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, तो कपाळावर सपाट पसरून आखला, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवली. नवी जागा कातडीला पोसू लागली तेव्हा, साधारण पंचविसाव्या दिवशी, देठ कापला. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये लंडनला ते छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. पापणीची किंवा खोबणीची मोठी पोकळी भरायला कपाळाची कातडी आम्ही आजही अशीच वळवतो. त्या वैद्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. तो वीटकर जातीचा होता, एवढंच छापलं गेलं.

विटांचा विषय निघाला की मला एक मुलगा आठवतो. चार वर्षांचा, जव्हार तालुक्यातला, उजवी पापणी जन्मतः बाहुलीवर आलेली. अशा पापणीखाली मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही, म्हणून लवकर शस्त्रक्रिया करावी लागते. दिवाळीच्या आधी मी ती केली. पापणी कपाळाच्या स्नायूला टांगली, छान उचलली गेली. टांगलेली पापणी झोपेत पुरती मिटत नाही, म्हणून रात्री मलम घालावंच लागतं. एक ट्यूब देऊन मी पंधरा दिवसांनी बोलावलं.

ते आलेच नाहीत. भातकापणी उरकली की इथली कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. शेठकडून उचल घेतलेली असते, राहून चालत नाही. होळीला गावी परतले तेव्हा मुलाच्या बुबुळावर फूल पडलेलं होतं. ट्यूब संपली होती आणि भट्टीवरची राखधूळ रोज रात्री अर्ध्या उघड्या डोळ्यात जात होती. आई खाली मान घालून बसली होती, जणू चूक तिची. चूक माझी होती. मी पापणीचं माप घेतलं होतं, त्या घराच्या वर्षाचं घेतलं नव्हतं.

तेव्हापासून केसपेपरवर पहिला प्रश्न असतो: भट्टीवर कधी जाणार, कुठे, कुणाकडे? पापणी उचलायच्या शस्त्रक्रिया मी आता लोक परतल्यावर, उन्हाळ्यात करते. थांबणं शक्यच नसेल तर मलमाच्या सहा ट्यूबा देते आणि आईकडून स्वतःसमोर एकदा घालून घेते. वीटभट्ट्या फिरायलाही मी शिकले. आशाताईंचा यात मोठा हात आहे. कोणतं कुटुंब कोणत्या भट्टीवर गेलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना वेळेवर मानधन मिळावं, यासाठी मी जिथे बोलता येईल तिथे बोलते.

कुष्ठरोगही इथून गेलेला नाही. त्यात चेहऱ्याची नस मरते आणि पापणी मिटेनाशी होते. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे पुन्हा घडवण्याला आपलं कौशल्य दिलं, तेही लोक या रुग्णांना शिवायला तयार नव्हते अशा काळात. कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांतून फिरवली की रुग्णाला दात आवळून डोळा मिटता येतो. पहिल्यांदा मिटतो तेव्हा माणसं सारखे दात आवळून बघत राहतात.

यंदा होळीनंतर आजीने मला बोहाड्याला बोलावलं. मशालींच्या उजेडात, सांबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचत होती. देवांचे आणि राक्षसांचे ते मुखवटे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले: रंगवलेले, टक्क उघडे, न मिटणारे डोळे. पहाटेकडे आजीच्या मांडीवर नात झोपली होती. मी मोबाइलच्या बॅटरीवर हात धरून उजेड मंद केला आणि वाकून बघितलं. एक मिलिमीटरभर फट होती. लावलेली कातडी थोडी आकसली होती. बुबुळ वर वळून पापणीखाली झाकलेलं होतं.

पर्समधून मलमाची ट्यूब काढून मी आजीच्या हातात दिली. तिने ती कनवटीला खोचली.