काकांच्या गाडीतील शिदोरी

आमचे थोरले काका 76 वर्षांचे. तरुणपणी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. 1974 साली कॅनडातील विनिपेग शहरी गेले, कारखान्यात मशीनवर राबले आणि तेथेच निवृत्त झाले. काकू वारल्यापासून एकटे राहतात. लेक ब्रँडनला असते, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. दर रविवारी ते स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जातात.

मुलाच्या आग्रहावरून नोव्हेंबरात आम्ही दोघे तेथे गेलो होतो. तिकडच्या थंडीची आपल्याला कल्पना येणार नाही. जानेवारीत पारा उणे तीसच्याही खाली उतरतो. रात्री इंजिनाला विजेची वायर जोडून ते उबदार ठेवावे लागते, नाही तर सकाळी गाडी सुरू होईल याचा भरवसा नाही. रस्ता उघड्या माळावरचा. वारा सुटला की जमिनीवरचा बर्फ उडतो आणि समोरचे काही दिसत नाही.

एकदा फोनवर जयभीम घालून चुलतबहीण म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात बाबा चार तास रस्त्यात अडकले होते. मला दोन महिन्यांनी कळलं. आता तुम्हीच त्यांना सांगा."

आम्ही गाडीत ठेवायच्या सामानाची यादी केली. काका भडकले. "मी फिटर माणूस. मला गाडी शिकवता?"

आम्ही उलट बोललो नाही. एवढेच म्हटले, "काका, 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बफेलोला वादळ झालं, तेव्हा काही माणसं गाडीतच दगावली. गाडी चांगली असूनही रस्ता बंद होतो, त्याला फिटर काय करणार?"

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी काचा लावून इंजिन चालूच ठेवलं होतं. डोकं दुखायला लागलं. रस्ता साफ करणारा गाडीवाला आला, त्याने आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं केलं. ते बर्फाने बुजलं होतं. विषारी वायू आत येत होता. मी फिटर, पण थंडीत मला ते सुचलंच नाही."

त्या वायूला वास नाही, रंग नाही. म्हणून अडकल्यावर आधी सायलेन्सरचे तोंड मोकळे करायचे, तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवायचे आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. गाडी सोडून पायी निघायचे नाही. गाडी लवकर सापडते, माणूस सापडत नाही. हे सारे काकांनीच मोठ्या अक्षरात लिहून काढले.

मग तेच कामाला लागले. लहान फावडे, घसरत्या चाकाखाली टाकायला वाळू, उतरलेल्या बॅटरीसाठी वायरी, टॉर्च, शिट्टी, बाहेर बांधायला लाल फडके, लोकरी मोजे. खायला चिवडा, गूळ-शेंगदाणे. पाणी गाडीत ठेवले तर गोठते, म्हणून बाटली दर वेळी घरून न्यायची. रक्तदाबाच्या गोळ्या आणि औषधांची चिठ्ठी कोटाच्या खिशात. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ द्यायचे नाही. हे सामान डिकीत न ठेवता हाताशी, मागच्या सीटवर ठेवले. डिकीचे झाकण थंडीने धरून बसते.

राहिले पांघरूण. आम्ही दुकानातून घोंगडी आणू म्हणालो. काका आत गेले आणि काकूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घेऊन आले. इतकी वर्षे ती कपाटात जपून ठेवलेली. "हिच्यापेक्षा उबदार काय मिळणार?" म्हणाले आणि स्वतःच सीटवर ठेवून आले.

निघताना लेकीला फोन करायचा, पोहोचायची वेळ सांगायची, हेही त्यांनी कबूल केले. त्या रविवारी पहिला फोन त्यांचाच आला.

आपल्याकडे बर्फ नाही. पण आपली म्हातारी माणसे थंडीच्या रात्री एस.टी.ने, रेल्वेने एकटी प्रवास करतात आणि त्रास झाला तरी सांगत नाहीत. मुलांना घोर नको, हा त्यांचा विचार. त्यांना उपदेश करू नये. त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे ऐकावे, आणि पिशवी त्यांच्याच हातांनी भरू द्यावी. गोळ्या, चिठ्ठी, पांघरूण, चार घास. फार खर्च नाही. वेळ मात्र काढावा लागतो.