कारळ्याचं पिवळं गिऱ्हाईक

जुलै सरत आला की अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पाखरांचे संसार बहुतेक आटोपलेले असतात. पिल्लं उडून गेलेली, पहाटेची गाणी मंदावलेली, झाडांना उन्हाळ्याची सुस्ती. आणि नेमका तेव्हा गोल्डफिंच घर मांडायला काढतो. घर बांधते ती मादी. नर लिंबाएवढा पिवळा, कपाळावर काळी टोपी ओढलेला, तिच्या आसपास गात हिंडत असतो. त्याला सरळ उडणं ठाऊकच नाही. चार वेळा पंख मारायचे, मग ते मिटून खाली घसरायचं, पुन्हा वर यायचं; आणि दर हेलकाव्याला एक चिवचिवाट. तिकडच्या लोकांना त्या चिवचिवाटात 'पोटॅटो चिप' असं ऐकू येतं. ऐकणाऱ्याच्या पोटात काय असेल त्यावर ते अवलंबून असावं.

एवढा उशीर कशासाठी? थिसलसाठी. थिसल म्हणजे आपल्या माळावरच्या उंटकटाऱ्याचं भावंड. तसंच काटेरी, जांभळट, शेतकऱ्याला नकोसं. उन्हाळ्याच्या शेवटी त्याची बोंडं फुटतात आणि म्हाताऱ्या उडू लागतात. गोल्डफिंचची मादी तो कापूस घरट्यात अस्तर म्हणून घालते, बाहेरून कोळिष्टकांनी घरटं फांदीला बांधते. वीण इतकी घट्ट, की पाऊस आला तर त्यात पाणी साचून राहू शकतं. आणि थिसलचं बी हेच पिल्लांचं जेवण. चिमण्यांसारखी धान्यखाऊ पाखरंसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात, कारण वाढत्या अंगाला ते लागतात. गोल्डफिंचच्या घरी तो प्रकार जवळजवळ नाहीच. आईबाप बिया गिळतात, पोटात मऊ करतात आणि तेच पिल्लांच्या चोचीत ओततात.

या शाकाहाराचा एक कठोर परिणाम होतो. तिकडे काऊबर्ड नावाचं पाखरू कोकिळेसारखं दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतं. ते कधीकधी गोल्डफिंचच्या घरट्यातही घालतं. अंडं उबतं, पिल्लू बाहेर येतं, मायेनं भरवलंही जातं. पण निव्वळ बियांवर त्याचं भागत नाही आणि तीनेक दिवसांत ते मरतं. हाकलायला कुणी आलेलं नसतं. हे वाचल्यापासून मला त्या गोजिरवाण्या पाखराचा थोडा वचकच वाटतो.

त्याच्या युरोपातल्या चुलतभावाचा चेहरा लाल आणि पंखांवर सोनेरी पट्टा. तोही थिसलवर जगणारा. ख्रिस्ताच्या कपाळातला काटा उपसताना त्याच्या तोंडाला रक्त लागलं, अशी तिकडे कथा आहे. पण काटा उपसल्याचं बक्षीस म्हणून माणसानं त्याला दिली ती साखळी. हॉलंडमध्ये हे पाखरू पायात साखळी घालून पाळत आणि दोऱ्याला बांधलेल्या चिमुकल्या भांड्यानं स्वतःचं पाणी स्वतः ओढायला शिकवत. चित्रकार कारेल फॅब्रिशियसनं १६५४ मध्ये असंच एक पाखरू रंगवलं, दाण्याच्या पेटीवर बसलेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात डेल्फ्ट शहरातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि त्यात तो गेला. वय अवघं बत्तीस. चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्या बारीक साखळीला एक कडी कमी असती तरी चाललं असतं, असं मला ते चित्र छापील पानावर पाहतानाही वाटतं.

व्हेनेझुएलातल्या लाल सिस्किन या पाखराचं तर रंगानंच वाटोळं केलं. नर शेंदरी, डोकं काळंभोर. १९२०च्या दशकात जर्मनीतल्या ब्रेमेनच्या हान्स डुंकर या शिक्षकानं ठरवलं, की या पाखराचा संकर करून पिवळ्या कॅनरीला लाल करायचं. कॅनरी हीसुद्धा फिंचच्याच कुळातली, म्हणून संकर जमला; पुढे लाल कॅनरी बाजारात आली. लाली आणणारं जनुक संशोधकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं. तोवर पिंजऱ्यांसाठी इतकी पाखरं धरली गेली होती, की मूळच्या रानात सिस्किन दुर्मीळ झाला. २००० मध्ये गयानाच्या गवताळ प्रदेशात त्याची एक वेगळी वस्ती सापडली, हा त्यातल्या त्यात दिलासा.

अमेरिकेत १९१८च्या कायद्यानं रानपाखरं धरणं, विकणं गुन्हा ठरला. पण कायदा झाला म्हणून शौक जातो थोडाच! पश्चिमेकडचा हाउस फिंच न्यू यॉर्कच्या दुकानांत 'हॉलिवूड फिंच' या नावानं विकला जात होता. १९४०च्या सुमारास कारवाईच्या भीतीनं दुकानदारांनी पाखरं सोडून दिली. त्यांचे वंशज आज सगळ्या पूर्व किनाऱ्यावर नांदताहेत.

पाळता येत नाही म्हटल्यावर माणसानं जेवायला बोलावण्याचा मार्ग काढला. परसात नळीसारखा फीडर टांगायचा, त्याला बारीक चिरा, आणि आत काळं, सडपातळ, तेलकट बी. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं, ताईनं, ते बी माझ्या तळहातावर ओतलं तेव्हा मी न विचारताच नाकाशी नेलं. कारळे! जे लसूण-मिरचीबरोबर कुटून भाकरीला लावायचे, ते इथे राज्यपक्ष्याच्या पंगतीत. हो, १९३५ पासून गोल्डफिंच हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे.

कारळे मूळचे इथिओपियाचे, पण आपल्याकडे इतके जुने की परके वाटत नाहीत. सह्याद्रीच्या उतारांवर, वरकस जमिनीत, जिथे दुसरं काही धड येत नाही तिथे ते येतात. गुरं तोंड लावत नाहीत, मधमाश्या मात्र सोडत नाहीत. पाऊस ओसरताना सगळा उतार पिवळा होतो. तिकडच्या शेतांतून, खळ्यांतून, व्यापाऱ्यांच्या गोदामांतून भारताचे कारळे पोत्यांनी अमेरिकेला जातात. पण तिथल्या बाजारात पोचण्यापूर्वी ते भाजावे लागतात, सुमारे १२० अंशांवर पंधरा मिनिटं, कारण त्यांच्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं. म्हणजे ताईच्या नळीतला दाणा मातीत पडला तरी रुजणार नाही, अशी सरकारी तजवीज.

फुलांचा पिवळा रंग पाखराच्या अंगात उतरला, असं लिहायचा मोह होतो. रंग येतो अन्नातूनच, हे खरं. वसंतात नर कात टाकल्यासारखी जुनी पिसं टाकून पिवळा होतो. पण आपले कारळे बंदरातून निघण्याच्या कितीतरी आधीपासून तो पिवळा आहे. गंमत वेगळीच आहे. थिसल, सूर्यफूल, कारळे ही सगळी एकाच कुळातली. पाखरानं परदेशी दाणा उघडून पाहिला आणि नातं ओळखलं.

पंगतीला धोकाही असतो. २०२० च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या रानांत बियांचा दुष्काळ पडला आणि पाइन सिस्किनचे थवेच्या थवे दक्षिणेला लोटले. एका नळीवर दाटीनं जेवताना विष्ठेतून साल्मोनेला पसरला. पश्चिम किनाऱ्यावर तर लोकांना फीडर उतरवून ठेवायला सांगावं लागलं. इतक्या मायेनं टांगलेली नळी काढायची, हे पुष्कळांना जड गेलं असेल.

ताईनं तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. नळी दर पंधरवड्याला ब्लीचच्या पाण्यानं घासते, आणि परसातली सूर्यफुलं वाळली तरी कापत नाही. ती काळी, मान मोडलेली झाडं पाहून शेजारी वैतागतो. एकदा त्यानं कुंपणावरून विचारलं, ही कधी काढणार? ताई म्हणाली, "जेवणारे उठले की."