निळा डबा

परवा माळा आवरताना एक जुना निळा डबा सापडला. नातीने विचारलं, "आजी, हा स्पीकर आहे का?" मला हसूच आलं. जेमतेम सात इंचांचा तो चौकोनी डबा एके काळी मुलाच्या अख्ख्या ऑफिसचा सर्व्हर होता!

त्याचं नाव कोबाल्ट क्यूब. पहिला क्यूब १९९८ साली निघाला. आत लिनक्स, पण त्याला कीबोर्ड लागत नसे की स्क्रीन. मागच्या छोट्या पट्टीवर अक्षरं उमटायची, तिथल्या बटणांनी नेटवर्कचा पत्ता भरायचा आणि पुढचं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून. त्यामुळे सर्व्हरमधलं फारसं न कळणाऱ्यांनीही तो घेतला. २००० साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि पुढे क्यूबची मालिकाच बंद केली.

डबे मात्र चालूच होते! अडलं तर विचारायचं कुणाला? वापरणाऱ्यांनी एकमेकांनाच. उत्तर मिळायचं, पण चार दिवसांनी दुसरा कुणीतरी तोच प्रश्न घेऊन यायचा. शेवटी मुलाने आणि त्याच्यासारख्या काही जणांनी ही उत्तरं विषयवार लावून ऑनलाइन माहितीकोश लिहायला घेतला. कुणीही भर घालावी, कुणीही चूक सुधारावी.

एका रविवारी त्याने माझ्यापुढे डबा आणि एक कागद ठेवला. "आई, हे वाचून पासवर्ड बदलून दाखव." कागद इंग्रजीत. मी मराठी माध्यमातली बी.ए. आणि सर्व्हर कशाशी खातात तेही ठाऊक नाही. म्हणूनच त्याने मला निवडलं होतं!

पहिलीच ओळ, 'मागचं बटण दाबा'. मी पट्टीजवळचं बटण दाबलं. "ते नाही गं, त्या बारीक भोकातलं. टाचणीने दाबायचं." मी म्हटलं, "मग तसं लिही की!" लाल पेन घेऊन बसले. तासाभरात अकरा खुणा झाल्या. एका ठिकाणी विचारलं, "हे सगळ्या डब्यांना लागू आहे का?" तो गप्प झाला. क्यूब २ आणि क्यूब ३ यांचे प्रोसेसरच वेगळे, एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही. त्यानंतर प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर डब्याचा क्रमांक आणि 'करून पाहिल्याची तारीख' आली.

ज्याला येतं त्याला आपण काय गाळलं ते दिसत नाही. वर्गात हे मी रोज पाहत होते, मुलाला शिकवलंही.

पण परवा तो डबा पुसताना वेगळंच काही टोचलं. मुलं पहिली वेलांटी कुठे देतात आणि दुसरी कुठे, कोणत्या जोडाक्षराशी अडखळतात, 'समजलं' म्हणणाऱ्या कुणाला खरं समजलेलं नसतं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या बाईंना मी काय दिलं? हजेरीपट आणि कपाटाची किल्ली. अनोळखी माणसांनी एका बंद पडलेल्या यंत्रासाठी जे केलं, ते मी माझ्या वर्गासाठी केलं नाही.

असो. काल वही आणलीय. पहिल्या पानावर 'जोडाक्षरं' लिहिलं आणि खाली इयत्ता. लिहून झालं की नातीला वाचायला देणार आहे. लाल पेन तिच्या हातात!