रविवारचे काका



मुख्याध्यापिकेचे हे पान दरवर्षी निकालांनी आणि बांधकामाच्या माहितीने भरते. यंदा ते एका माणसासाठी राखून ठेवले आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाचे काका मार्गशीर्षात गेले. संघाच्या कुठल्याही पत्रकावर त्यांनी स्वतःचे नाव कधी छापू दिले नाही. ती त्यांची ताकीदच होती, म्हणून मीही इथे ते लिहीत नाही. 'काका' म्हटले की आपल्या शाळेत ज्याला कळायचे त्याला कळते.

आधी एक कबुली देते. मी इंदूरचीच, घरात मराठी, पण शिक्षण पहिलीपासून बी.एड.पर्यंत सगळे हिंदी माध्यमातून झाले. १९९७ मध्ये या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा मराठी बोलता येत होते, लिहिण्याची मात्र धास्ती होती. पालकसभेच्या आदल्या दिवशी फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिले, 'आपल्या पाल्यास उत्तम शिक्षा देणे हा शाळेचा संकल्प आहे.' जिन्याजवळच्या खोलीतून एक गृहस्थ बाहेर आले, फळा वाचला आणि हळूच म्हणाले, "बाई, हिंदीत ठीक आहे हो. मराठीत पालक घाबरतील. 'शिक्षण' करा." कोणी पाहायच्या आत डस्टरही त्यांनीच फिरवले. काकांची आणि माझी ही पहिली भेट.

काका याच शाळेत शिकले आणि एका कापडगिरणीत हिशेबनीस झाले. मालवा, हुकूमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी या गिरण्यांच्या भोंग्यावर एके काळी अर्धे इंदूर उठत असे. हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, पुढे एकेक करून बाकीच्याही थांबल्या. काकांचीही गिरणी गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर हाताला काम नाही. अशा वेळी माणूस घरात बसून कुढतो. काका कापडी पिशवी सायकलला अडकवून शाळेत आले आणि त्या वेळच्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "जुन्या मुलांची यादी कुठे आहे?" यादी नव्हतीच. होती ती वाळवीने खाल्लेली दाखलखारिज रजिस्टरे. पुढची तीस-बत्तीस वर्षे काकांचा प्रत्येक रविवार, सकाळी नऊ ते अकरा, त्या खोलीत गेला. येताना डब्यात पोहे, वर शेव आणि जीरावनची पुडी. जो येईल त्याला आधी पोहे, मग प्रश्न : "तुमच्या वर्गात आणखी कोण होतं?"

त्यांच्या वहीत नाव शाईने लिहिलेले असे आणि पत्ता पेन्सिलीने. "पत्ता बदलतो, नाव नाही," असे ते म्हणत. मुलींच्या बाबतीत मात्र तेही खरे ठरत नसे. लग्नानंतर नाव, आडनाव, गाव सगळेच बदलायचे. मग हे काम काकूंकडे जाई. चैत्रातल्या हळदीकुंकवाला काकू पदरात नावे बांधून आणत : अमकीची बहीण देवासला दिली, तमकी आता बडोद्याला असते. इंदूरचे टेलिफोन नंबर सहा आकड्यांचे सात आकडी झाले तेव्हा काकांनी कितीतरी रविवार एकेका नंबरापुढे २ हा आकडा लिहिण्यात घालवले. २००१ मध्ये इंदूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, विजया राजाध्यक्ष अध्यक्षा होत्या. आम्ही सगळे भाषणे ऐकायला मांडवात, आणि काका वही घेऊन दाराशी उभे. एकही भाषण त्यांनी ऐकले नाही. "पण नावं बरीच मिळाली," असे म्हणत खुशीत घरी गेले.

एकदा मी त्यांना विचारले, "काका, ना पगार, ना पद. कंटाळा येत नाही?" ते म्हणाले, "अनंत चतुर्दशीला झाँकी पाहता ना?" इंदूरकरांना हे सांगायला नको. गिरणी कामगारांच्या झाँक्यांची मिरवणूक ही इथली जवळपास शंभर वर्षांची परंपरा. गिरण्यांना टाळे लागले, तरी तिथले जुने कामगार वर्गणी गोळा करून झाँकी काढतच राहिले. काका म्हणाले, "भोंगा बंद झाला, झाँकी चालू आहे. माणसं एकमेकांना धरून असली की झालं."

आता जे सांगायचे आहे ते सोपे नाही.

संघाच्या निधीतून दरवर्षी काही मुलांची फी भरली जाते. काकांचा नियम असा की पैसे थेट कार्यालयात जमा व्हायचे आणि पावती पाकिटातून घरी जायची. वर्गशिक्षकालाही कळायचे नाही. २०१४ मध्ये मला वाटले, देणाऱ्यांना काही दिसले तर निधी वाढेल. स्नेहसंमेलनात मंचावर बोलावून मुलांना पाकिटे द्यावीत असे मी ठरवले. काका एवढेच म्हणाले, "बाई, देणाऱ्याचं नाव दहा वेळा घ्या. घेणाऱ्याचं माइकवरून नको." मी म्हटले, "काका, जमाना बदलला आहे." ते पुढे बोलले नाहीत. खुर्च्या मांडायला निघून गेले.

मुलांची नावे पुकारली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. त्यांत नववीची एक मुलगी होती. पाकीट घेऊन तिने नमस्कार केला आणि सोमवारपासून शाळेत येणे बंद केले. ताप आला असेल असे मी समजले. आठवड्याने ती आली, आणि तो विषय माझ्यापुरता संपला. पुढच्या वर्षी काकांनी निधीची यादी माझ्यापुढे ठेवली, तिच्यात नावेच नव्हती. फक्त वर्ग आणि रक्कम. मी काही न बोलता सही केली. मंचाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

काकांच्या तेराव्याला त्या मुलीचे वडील भेटले. त्या आठवड्यात काका लागोपाठ चार संध्याकाळी त्यांच्या घरी गेले होते. पहिल्या दिवशी मुलगी बाहेरच आली नाही. काकांनी उपदेश केला नाही, शाळेचे नावही काढले नाही. वही उघडून म्हणाले, "डोळ्यांना दिसत नाही बेटा, एवढी नावं उतरवून देशील?" दुसऱ्या दिवशी ती लिहायला बसली. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "उरलेली नावं शाळेच्या कपाटात आहेत. तिथे यावं लागेल." ती आली. पुढे शिकली, आज नोकरीत आहे. हे सगळे तिला विचारूनच लिहीत आहे.

१९९७ मध्ये फळ्यावर मी चुकून 'शिक्षा' लिहिले होते. सतरा वर्षांनी भरल्या मांडवात एका मुलीला मी तीच दिली, मराठीतली. फळा पुसला तसा तोही डाग काकांनीच पुसला, आणि मला अकरा वर्षे कळू दिले नाही. त्यांना सांगायचे राहून गेले, म्हणून इथे सांगते : काका, माझे चुकले होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काका पंचाहत्तरी ओलांडलेले होते. घराबाहेर पडता येत नव्हते, तर ते वही घेऊन फोनशी बसले. मुले परदेशी आणि घरात एकटे, असे वृद्ध माजी विद्यार्थी त्यांनी एकेक करून शोधले. कोणाचे औषध संपले, कोणाला डबा हवा, हे त्यांच्याकडून समजायचे आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला तेच कळवायचे. त्या दिवसांत त्या वहीची खरी किंमत आम्हाला कळली.

काकूंनी वह्या शाळेच्या स्वाधीन केल्या आहेत. अकरावीची मुले त्या संगणकावर उतरवीत आहेत. फीच्या यादीत यंदाही फक्त वर्ग आणि रक्कम आहे, आणि पुढेही तसेच राहील. मी निवृत्त होण्याआधी शाळा समितीकडून हा नियम लेखी करून घेणार आहे.

आता विनंती. जिन्याजवळची खोली दर रविवारी नऊ ते अकरा उघडी असते. सध्या मी बसते, पण माझ्या हातून काकांसारखे होत नाही. तुमच्यापैकी कोणाला महिन्यातला एक रविवार देता आला तरी पुष्कळ आहे. मराठी शुद्धलेखनाची अट नाही, ती असती तर मीच नापास झाले असते. पोह्यांची सोय मी करीन. आपल्या वर्गातल्या निदान एकाचा पत्ता तेवढा घेऊन या.

आपली,
मुख्याध्यापिका