रिकामा डबा

स्वतःचे नाक जसे स्वतःला धड दिसत नाही, तशाच स्वतःच्या सवयीही दिसत नाहीत. त्या दाखवायला परमुलूख पाहिलेला मित्र लागतो, आणि तोही शेजारच्या पानावर बसलेला असावा लागतो. बैठकीत माणूस सावरून बसतो. जेवताना मात्र तो पुरता उघडा पडतो.

माझा एक बालमित्र गेली बारा वर्षे नोकरीनिमित्त जपानात आहे. गेल्या दिवाळीत तो आला, तेव्हा आम्ही चौघे सवंगडी आमच्यातल्याच एकाच्या आगाशीच्या घरी जेवायला जमलो. त्याची म्हातारी आईही बरोबर होती. दारात त्याने वहाणा काढल्या आणि वाकून त्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला करून ठेवली. पानापुढे हात जोडून तो काहीतरी पुटपुटला. सोलकढीचा तांब्या हाती येताच त्याने सगळ्यांचे पेले भरले, स्वतःचा मात्र रिकामाच ठेवला. तिकडच्या बैठकीत म्हणे आपला पेला आपण भरत नाहीत, तो शेजाऱ्याने भरायचा!

"जपानी आला रे!" म्हणून आम्ही हसलो. आई हसली नाही. "तिकडे याला हिंदुस्थानी म्हणतात, इथे तुम्ही जपानी म्हणता. मग माझा पोरगा आहे तरी कुठला?"

क्षणभर कोणी घास उचलला नाही. शेवटी मित्रानेच वेळ सावरून नेली.

"मास्तर, तू तरी काय कमी जपानी आहेस? वहिनी वाढायला आल्या तेव्हा तीनदा 'नको' म्हणालास आणि चौथ्यांदा ताट पुढे केलेस. अशा संकोचाला तिकडे 'एन्र्यो' म्हणतात. आणि मघाशी कढीचा केवढा भुरका मारलास! तिकडेही शेवयांचा असाच आवाज करून समाचार घेतात. कोणी डोळे वटारत नाही. मी हात जोडले त्याला हसलास, पण तुझे वडील श्लोक म्हटल्याशिवाय पानाला हात लावू देत होते का?"

मी निरुत्तर झालो. वर्गात मुलांना 'आपली संस्कृती' शिकवणारा मी, भुरक्याच्या बाबतीत मला टोकियोत सोयरे निघावेत!

तेवढ्यात वांग्याची भजी आली. "हा तर तेंपुरा!" मित्र म्हणाला. आता बोलण्याची पाळी माझी होती. पिठात बुडवून तळायची ही रीत जपानने पोर्तुगीजांकडून उचलली असे मानतात. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १५४३ मध्ये ते जपानच्या किनाऱ्याला लागले. आपण 'पाव' म्हणतो, जपानी माणूस 'पान' म्हणतो. दोन्ही शब्दांची आई एकच पोर्तुगीज भाषा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पाव राहिला.

मग मी आईकडे वळलो. "काकी, तुमच्या मुलाच्या कितीतरी आधी वसईचा एक पोरगा तिकडे गेला होता. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात तो जपानला गेला, पुढे त्याने व्यापारही केला. जपानी इतकी उत्तम बोलू लागला की राज्यकर्त्या हिदेयोशीपुढे फ्रान्सिस्कन साधूंचा दुभाषी झाला. त्याच हिदेयोशीच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर मारले, त्यांत तोही होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. पण त्याची भाषा बदलली, वेष बदलला, म्हणून वसईने त्याला परका म्हटले नाही. आज इथल्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे."

काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तांब्या ओढला आणि मुलाचा रिकामा पेला काठोकाठ भरला.

मला वाटते, सवयी म्हणजे काही सातबाऱ्याचा उतारा नव्हे, की त्यावर एकाचे नाव चढले म्हणजे दुसऱ्याचे खोडले गेले. त्या पंगतीत वाढल्या जातात. ताटात जागा असली की नवा पदार्थ बसतो आणि जुन्यालाही कोणी उठवत नाही.

मित्र परत निघाला त्या दिवशी काकींनी डब्यात सुकेळी भरली, वर चार चकल्या ठेवल्या आणि बजावले, "डबा रिकामा आणू नकोस हो!"

"नाही आणणार," तो म्हणाला. "तिकडची जुनी माणसेही भांडे रिकामे परत करीत नाहीत, आई."

काकी पहिल्यांदाच हसल्या. "मग बरी माणसे दिसतात!"