एकच गोळी, दोन डब्यांत

लेट्रोझोल हे नाव आमच्या घरात नवे नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर गेली तीन वर्षे ही अडीच मिलिग्रॅमची गोळी मी रोज रात्री घेते आहे. अजून दोन वर्षे घ्यावयाची आहे. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर हेच नाव सुनेच्या औषधांच्या चिठ्ठीवर दिसले, तेव्हा घरातील प्रत्येकाच्या मनात एकच शंका आली. ती बोलून दाखवली फक्त सुनेने. "आई, ही तर तुमची गोळी. मग मला कशाला?"

प्रश्न रास्त होता. तिला कर्करोग नव्हता, पीसीओएस होता. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येई. अशा शरीरात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढलेले असते, बीजकोशात अनेक लहान पुटिका दिसतात. पण त्यांतील एकही पूर्ण वाढून स्त्रीबीज बाहेर सोडत नाही. बीजच सुटले नाही, तर गर्भ राहणार कोठून?

औषध एक असून दोघींच्या शरीरांत त्याचे प्रयोजन वेगळे कसे, हे डॉक्टरांनी आम्हां दोघींना समोरासमोर बसवून सांगितले. शरीरात अरोमाटेज नावाचे एक विकर असते. ते पुरुषी संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करते. लेट्रोझोल या विकराला अडवते. पाळी थांबलेल्या माझ्यासारख्या बाईच्या शरीरात थोडेबहुत इस्ट्रोजेन तयार होते, ते मुख्यतः चरबीत. तेही बंद केले की त्यावर पोसणाऱ्या कर्करोगाच्या पेशींची उपासमार होते. म्हणून माझी गोळी रोजची आणि वर्षानुवर्षांची. सुनेची मात्र पाळीच्या सुरुवातीला केवळ पाच दिवसांची. तेवढ्या दिवसांत इस्ट्रोजेन उतरले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि बीजकोशाला उत्तेजन देणारे संप्रेरक अधिक सोडते. त्याने एखादी पुटिका वाढीला लागते. पुढे गोळी थांबते, औषध शरीरातून उतरू लागते, आणि बाकीचे काम शरीर स्वतःच पार पाडते. माझ्याकडे ज्याचा दुष्काळ हवा, त्याचाच तिच्याकडे पाच दिवसांचा उपास, एवढाच काय तो फरक.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु विहीणबाईंचा फोन आला. या औषधावर सरकारने बंदी घातली होती, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. ऐकीव माहिती खोटी नव्हती, अर्धी होती. 2005 साली एका वैद्यकीय परिषदेत सादर झालेल्या छोट्या अभ्यासाने या औषधामुळे बाळात व्यंग येते की काय, अशी भीती निर्माण केली. पुढच्याच वर्षी 911 नवजात बालकांच्या मोठ्या पाहणीत ती भीती खरी ठरली नाही. तरीही 2011 मध्ये भारताने वंध्यत्वासाठी लेट्रोझोलचा वापर थांबवला. 2017 मध्ये ती बंदी उठली. दरम्यान, 2014 साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या 750 स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या क्लोमिफिन या गोळीने 19.1 टक्के स्त्रियांना मूल झाले, लेट्रोझोलने 27.5 टक्क्यांना. हे सारे मी विहीणबाईंना शांतपणे सांगितले. आईच्या काळजीला "तुम्हांला काय कळते" हे उत्तर असू शकत नाही.

त्या आकड्याची दुसरी बाजूही आपण वडीलधाऱ्यांनी वाचली पाहिजे. त्या अभ्यासात जास्तीत जास्त पाच पाळीचक्रे उपचार दिले गेले, आणि तेवढ्यात शंभरातील बहात्तर जणींना मूल झाले नव्हते. म्हणजे पहिल्या महिन्यात काही घडले नाही, तर त्यात आश्चर्य नाही आणि कुणाचा दोषही नाही. आमच्याकडे मुलाची तपासणी आधी झाली, सुनेची नंतर. मला तो क्रम योग्य वाटतो. वीर्यतपासणी सोपी असते, आणि तरीही बहुतेक घरांत तिची आठवण सर्वांत शेवटी होते.

हा उपचार दिसतो तितका सुटसुटीत नाही. पाळीच्या दहाव्या-बाराव्या दिवसापासून पुटिका किती वाढली हे पाहण्यासाठी एकाआड एक दिवस सोनोग्राफी. रजा काढायची तर कार्यालयात कारण काय सांगायचे? त्यात लग्नकार्यात भेटणाऱ्या मावश्या-आत्यांचे "काही विशेष?" सुरूच. गेल्या महिन्यात एका बारशाचे आमंत्रण आले, तेव्हा मी एकटीच गेले आणि तिची अनुपस्थिती माझ्या गुडघ्यावर ढकलली. गुडघा तसाही बदनाम आहेच.

घरात एक नियम मात्र आम्ही कडक ठेवला आहे. माझा डबा माझ्या उशाशी, तिचा तिच्या कपाटात. उसनी गोळी घ्यायची नाही, पट्टी संपली तरीही. कारण गर्भ राहिलेला असताना हे औषध पोटात जाता कामा नये. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी तो राहिलेला नाही याची खात्री डॉक्टर करून घेतात. माझ्या बाजूनेही सावधगिरी आहेच. दीर्घकाळ इस्ट्रोजेन कमी राहिले की हाडे ठिसूळ होतात, म्हणून मला हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व चुकवता येत नाही. संध्याकाळी आम्ही दोघी चालायला जातो. मला हाडांसाठी चालायचे असते, तिला वजनासाठी. पीसीओएसमध्ये थोडे वजन उतरले तरी पाळी सुधारण्यास मदत होते.

दोन पाळीचक्रे झाली. दुसऱ्या खेपेस बीज सुटल्याचे सोनोग्राफीत दिसले, पण पाळी आली. तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीपेक्षा एक फेरी जास्त मारली. उद्यापासून तिसऱ्या वेळच्या पाच गोळ्या सुरू होतील.